डावी भिंत

मुलुंड (पूर्व),
४ नोव्हेंबर २०२४

रुचिका, सप्रेम जय भीम.

दहा वर्षांनी माझं पत्र बघून दचकशील. तुझा पत्ता अनिरुद्धने दिला. सांताक्रूझला त्याचा नवा स्टुडिओ होतोय आणि त्याच्या भिंतींचं काम तू करणार आहेस, असं तो म्हणाला. तू केलेल्या खोल्यांचे फोटोही दाखवले. माझ्या शेजारी दोन वर्षं बसून केबली गुंडाळणारी मुलगी आता खोल्यांना वळण लावते, हे बघून बरं वाटलं.

मी मार्चमध्ये निवृत्त झालो. लेक लग्न होऊन नाशिकला गेली, तिची खोली रिकामी आहे. अकरा बाय चौदा. तिथे ऐकायची खोली करायची आहे. नुसती हौस नाही. १९९१ साली मी उसना टेपरेकॉर्डर आणि दोन माइक घेऊन औशाजवळ आमच्या गावी गेलो होतो. आई आणि शांतामावशी जात्यावर समोरासमोर बसून बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायच्या. अडीच तासांचं रेकॉर्डिंग आहे. डाव्या ट्रॅकवर आई, उजव्यावर मावशी. दोघीही आता नाहीत. लातूरची एक संस्था ते १४ एप्रिलला काढते आहे. मिक्स मीच करणार आणि घरीच करणार.

सध्या त्या खोलीत टाळी वाजवली की भिंती उलट टाळी वाजवतात. सुनंदाची अट एकच. खळग्याखळग्यांचा काळा फोम लावून घराचं अंड्यांचं दुकान करायचं नाही. दिसायला घरच वाटलं पाहिजे.

येऊन बघून जा. आणि फोन करू नकोस. फोनवरचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात कोंबलेला माणूस. काय असेल ते लिहून कळव.

चंद्रप्रकाश सोनकांबळे


मरोळ, अंधेरी (पूर्व),
११ नोव्हेंबर २०२४

सर, जय भीम.

खरं सांगते, तुमचं नाव बघून मी मेल उघडायच्या आधी चहा करून घेतला. स्टुडिओ सोडला तेव्हा मी तुम्हाला धड सांगूनही गेले नव्हते. तरी तुम्ही बोलावलंत. थँक्यू.

खोली छान आहे. काल मोजून घेतली. गच्चीकडचं दार मागच्या भिंतीला आहे आणि डावी-उजवी दोन्ही भिंती सारख्या कोऱ्या, हे आपलं नशीब. आवाज दोन्ही बाजूंनी सारखा परतेल.

माझा विचार असा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, तुमच्या कानाच्या उंचीला, लाकडी चौकटीत रॉकवूल, म्हणजे आवाज पिणारी दगडी लोकर, भरून वरून कापड ताणलेली पॅनल्स. कापड खणाचं. सुनंदाताईंना मी चार तुकडे दाखवले, त्यांनी डाळिंबी निवडला. सगळा खण चालत नाही, जरीचा दाट असला की आवाज त्याच्यावरच आपटून परत येतो. तोंडासमोर धरून फुंकर मारायची, पलीकडे हाताला वारा लागला तर पास. डाळिंबी पास झाला. मागच्या भिंतीवर लाकडाचे कमी-जास्त उंचीचे ठोकळे. त्याने आवाज मरत नाही, विखुरतो. आमची होडी गेल्या वर्षी मोडीत काढली, तिच्या फळ्या आहेत वेसाव्याला. आई म्हणते, "ने, नाहीतरी सरपणात जातील." दर्याचं पाणी पिऊन त्या लाकडाला जो रंग आलाय तो कुठल्या पॉलिशला येत नाही.

वरून छताला एक पांढरं पॅनल, कोपऱ्यांत उंच खांबासारखी दोन. बघणाऱ्याला वाटेल, बाईंनी हौसेने दिवाणखाना सजवलाय. महादू मिस्त्री माझ्यासोबत असतो, त्याचा हात सफाईचा आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत खोली तुमच्या हातात.

रुचिका चिखले


मुलुंड,
२० डिसेंबर २०२४

रुचिका,

खोली देखणी झाली आहे, यात वाद नाही. शेजारच्या बायका येऊन खणाला हात लावून जातात. सुनंदा दुपारी तिथेच वाचत बसते.

पण डाव्या भिंतीत काहीतरी चुकलंय. आठ दिवस ऐकतोय. मावशी लख्ख येते. आई दबून येते, गोधडीत तोंड घालून गाते आहे असं वाटतं. डाव्या पॅनलात रॉकवूल जास्त भरलंय का? की तिकडचा खण वेगळ्या थानातला आहे? तुझ्या मिस्त्रीला विचार.

माझ्यासाठी ही खोली त्या एका आवाजाकरता आहे, एवढं लक्षात ठेव.

चं. सो.


मरोळ,
३० डिसेंबर २०२४

सर,

शनिवारी येऊन डावं पॅनल उघडलं ते तुमच्या समोरच. भरण दोन्हीकडे एकाच गठ्ठ्यातलं, कापड एकाच थानातलं. तरी तुमच्या समाधानासाठी अर्धं भरण काढून टाकलं. खरं तर ते मला पटलेलं नव्हतं.

एक विचारू? मी खुर्चीवर बसून आईंची एक ओवी ऐकली तेव्हा त्या मला मावशींइतक्याच स्पष्ट आल्या. उलट थोड्या मोठ्याच. तुम्ही डावा ट्रॅक वर चढवून ठेवलाय का?

सुनंदाताईंनी दिलेल्या शेंगाच्या पोळ्या महादूने एकट्याने संपवल्या. मला एक मिळाली.

रुचिका


मुलुंड,
९ जानेवारी २०२५

रुचिका,

संस्थेला पहिल्या चार ओव्या नमुन्याला पाठवल्या होत्या. त्यांचं उत्तर आलं. 'डावीकडचा आवाज फार मोठा आहे, ऐकताना कानाला टोचतो. तपासून घ्यावं.' अडतीस वर्षं मी या शहरात आवाज मिसळले. असं वाक्य मला कुणी ऐकवलेलं नाही.

कारण सरळ आहे. तुझी खोली मला खोटं सांगते. डावीकडचा आवाज तुझी भिंत खाते, म्हणून मी तो वाढवतो आणि बाहेर तो टोचतो. भरण काढूनही फरक पडलेला नाही. अनिरुद्धने विचारलं तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं. खोटं कशाला सांगू?

तुला नीट येत नसेल तर तसं म्हण. मी दुसरा माणूस बघतो. १४ एप्रिल काही माझ्यासाठी थांबणार नाही.

चं. सो.


मरोळ,
११ जानेवारी २०२५

सर,

अनिरुद्धने काल काम काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला, "सरांचा कान म्हणजे शेवटचा शब्द, यार. मी काय बोलणार?" त्याच्या स्टुडिओसाठी कापलेल्या चौकटी इथे भिंतीला टेकून उभ्या आहेत. महादू त्यांच्याकडे बघतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. नवीन जागेचं भाडं मी याच कामाच्या जोरावर कबूल केलं होतं. वाट लागली आहे माझी, हे तुम्हाला माहीत असावं.

सोबत तुमच्या खोलीच्या मोजणीचे दोन आलेख जोडलेत. खुर्चीच्या जागी माइक ठेवून घेतले आहेत. एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. छापून घ्या, एकावर एक ठेवून उजेडात धरा. रेघ रेघेवर बसते.

मोजणीवर विश्वास नसेल तर एक साधी गोष्ट करा. खुर्ची उलटी फिरवा आणि स्पीकरांकडे पाठ करून बसा. आई ज्या स्पीकरमधून येतात तो आता तुमच्या उजव्या हाताला येईल. दोष भिंतीचा असेल तर त्या तिथेही दबलेल्याच ऐकू येतील.

आणि तसं झालं नाही तर काय, ते तुम्हीच मला लिहा.

रुचिका


मुलुंड,
१३ जानेवारी २०२५

केलं. पाठ करून बसलो. आई दबलेलीच येते. भिंतच आहे.

शनिवारी येऊन सगळं उतरवून घेऊन जा.

चं. सो.


मरोळ,
२० जानेवारी २०२५

सर,

सगळं उतरवून आणलं. खिळ्यांची भोकं महादूने बुजवली आहेत. रंग तेवढा तुम्हाला द्यावा लागेल.

आता जे लिहिते आहे ते लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले.

पॅनल्स उतरल्यावर, तुम्ही खाली दूध आणायला गेला होतात तेव्हा, मी पुन्हा मोजणी केली. भिंती कोऱ्या. दोन्ही बाजू परत सारख्याच. म्हणजे माझी पॅनल्स असोत नसोत, डावी भिंत काहीही खात नाही. मग पाठ करून बसल्यावर आई उजव्या कानाला दबलेल्या येतीलच कशा? त्या स्वच्छ यायला पाहिजेत. सर, तुम्ही मला खोटं लिहिलंत.

आणखी एक. मी शिडीवर होते, तुमच्या डावीकडे. "सर, जरा तो पान्हा द्या," म्हटलं. तुम्ही हलला नाहीत. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. पान्हा तुमच्या पायाशी होता. शेवटी महादूने दिला. तेव्हा मला वाटलं, रागावलात म्हणून बोलत नाही. रात्रभर विचार केल्यावर वाटलं, नाही. तुम्ही रागावलात की जास्त बोलता.

कान तपासून घ्या, सर. डावा. या आठवड्यात. हवं तर मी सोबत येते.

तुम्हीच सांगायचात, की जे ऐकू आलं ते बोलायचं, कुणाला आवडो न आवडो. म्हणून बोलले.

रुचिका


मुलुंड,
२२ जानेवारी २०२५

श्रीमती चिखले,

२०१४ साली स्टुडिओच्या मालकांनी मला विचारलं होतं, ही मुलगी स्वतंत्रपणे मिक्स करू शकेल का? मी म्हणालो, अजून दोन वर्षं लागतील. ते तुला कुणीतरी सांगितलं आणि महिन्याभरात तू निघून गेलीस. दहा वर्षं तो राग उराशी धरून बसली होतीस, आणि आता हातात सापडलेल्या म्हाताऱ्याला सांगते आहेस की तुझा कान गेला.

आपलं काम बिघडलं की गिऱ्हाइकाला बहिरं ठरवायचं. शाब्बास.

पुन्हा लिहू नये.

चं. सोनकांबळे


मरोळ,
२३ जानेवारी २०२५

सर,

राग होता. आहे. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले होते, तेही तुम्हाला कळू दे. पण तो राग वेगळा आणि हे वेगळं. मी तुमच्यावर रागावून तुमचा कान बरा ठेवू शकत असते तर ठेवला असता.

लिहू नका म्हणालात, हे शेवटचं. डॉक्टरकडे जा.

रुचिका


मुलुंड,
५ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिका, सस्नेह जय भीम.

मी सुनंदा. सरांना न सांगता लिहिते आहे. तुझं मेल मला त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसलं. त्यांनी ते पुसलं नव्हतं. रोज उघडून वाचत असावेत.

रविवारी आम्ही मिठागर रोडवर भाजी घेऊन येत होतो. पाण्याचा टँकर डावीकडून रिव्हर्स घेत येत होता. मी चार पावलं मागे होते. ओरडले, "अहो, थांबा!" ते चालतच राहिले. पुन्हा ओरडले. माणसं थांबून बघायला लागली, त्यांना काही नाही. शेवटी एका भाजीवाल्याने त्यांचा शर्ट धरून ओढलं. टँकर वीतभर अंतरावरून गेला. ते माझ्यावरच भडकले. "ओरडलीस का नाहीस?" मी म्हटलं, "दोनदा ओरडले. सगळ्या रस्त्याने ऐकलं." मग ते फुटपाथवर बसले ते उठेनात. कोथिंबिरीची जुडी हातात घट्ट धरून बसले होते.

रुचिका, मला थोडं थोडं माहीत होतं गं. दोन वर्षं ते जेवताना मला उजवीकडेच बसवतात. सकाळी उठताना भिंत धरतात, विचारलं की पित्त म्हणतात. शाळेत तीस वर्षं पोरं सांभाळली, कोण काय लपवतंय हे मला न सांगता कळायचं. घरात मात्र मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना.

दुसऱ्याच दिवशी नेलं. कानाची तपासणी झाली, डोक्याचा एमआरआय झाला. डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. तीन सेंटिमीटर. कर्करोग नाही, पण मेंदूच्या बाजूला दाबते आहे. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करा. त्या कानाला उरलंसुरलं जे येतंय तेही जाईल, ते वाचवता येणार नाही.

हे म्हणतात, १४ एप्रिलनंतर. लेक नाशिकहून येऊन रडून गेली. कुणाचं ऐकत नाहीत. तुझ्यावर ते चिडले, कारण तुझं त्यांनी ऐकलं होतं. एवढं मला कळतं. तू लिही.

सुनंदा


मुलुंड,
८ फेब्रुवारी २०२५

रुचिका,

सुनंदाने तुला लिहिलं, हे तिने काल सांगितलं. बरं झालं. आता मी लिहितो.

१२ जानेवारीच्या संध्याकाळी मी खुर्ची फिरवली. पाठ करून बसलो आणि टेप लावली. आई माझ्या उजव्या कानाशी आली. इतकी जवळ, की जात्याच्या खुंट्याला बांगडी आपटलेली ऐकू आली. दोन ओव्यांच्या मधे घेतलेला श्वास ऐकू आला. आणि मावशी नाहीशी झाली. मी टेप बंद केली. खुर्ची परत होती तशी केली. दुसऱ्या दिवशी तुला लिहिलं की भिंतच आहे.

खोटंच लिहिलं. तू माणसं घेऊन आलीस, एवढ्या मेहनतीने लावलेलं एकेक उतरवलंस, आणि मी बघत उभा होतो.

फोनचंही खोटं. मी आयुष्यभर फोन डाव्या कानाला धरला, उजवा हात मिक्सिंगच्या बोर्डावर असायचा. दीड वर्षापूर्वी शब्दांचा नुसता चिखल व्हायला लागला. फोन बदलला, तरी तेच. एकदा सहज उजव्या कानाला लावला, तर स्वच्छ. त्या दिवसापासून मी फोनच घेणं सोडलं. कळतंय तुला? मला जाणूनच घ्यायचं नव्हतं.

गावाहून आलो तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. ओळख नाही, इंग्रजी नाही. ज्या लाइनीत शिरलो तिथे आडनाव ऐकून लोक चहाचा कप वेगळा काढायचे, तेही थेट न दाखवता. माझ्याकडे फक्त कान होता. त्याच्या जोरावर तीच माणसं पुढे माझ्यासाठी थांबायला लागली. तो गेला तर मी मागे काय उरतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अनिरुद्धला आज कळवलं, की चूक माझी होती. त्याचं उत्तर आलं, काम दुसऱ्याला दिलंय, आता फिरवता येणार नाही. तुझं ते नुकसान माझ्याकडून झालं आणि ते भरून देता येत नाही.

ऑपरेशनचं म्हणशील तर मी एप्रिलपर्यंत थांबणार. कारण सांगतो. ते झालं की डावी बाजू कायमची बंद. अजून थोडं झिरपतंय. आईला एकदा दोन्ही कानांनी पूर्ण ऐकायचंय, शेवटपर्यंत, अडीच तास. मिक्स करताना ते होईल. मग डॉक्टर म्हणतील ते.

चंद्रप्रकाश


मरोळ,
८ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

सर,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. गोड लिहायला जमत नाहीये, सरळच लिहिते.

दोन्ही कानांनी तुम्ही आईंना आता ऐकतच नाही आहात. दोन वर्षं झाली असतील त्याला. जे झिरपतंय म्हणता तो आवाज नाही, ती तुमची आठवण आहे, कारण तुम्हाला प्रत्येक ओवी पाठ आहे. त्या आठवणीला ऑपरेशनचा धोका नाही. तुम्हाला आहे.

एप्रिलपर्यंत ती गाठ तुमची वाट बघणार आहे, असं डॉक्टर म्हणाले का? मला सुनंदाताईंनी रिपोर्टचा फोटो पाठवलाय. मी माझ्या ओळखीच्या नर्सला दाखवला. ती एवढंच म्हणाली, "हे अजून घरी कसे?"

माझं म्हणणं ऐका. टेपच्या सगळ्या फाइली मला पाठवा. तुमच्या खोलीत पॅनल्स परत लावते, फुकट, आणि तुम्ही दवाखान्यात असाल तेव्हा तिथे बसून मिक्स मी करते. १४ एप्रिलला ओव्या निघतील. बिघडल्या तर माझं नाव घ्या.

पण तुम्ही ऑपरेशन पुढे ढकललंत, तर मी फाइलींना हात लावणार नाही. संस्थेलाही कळवेन की का थांबलंय. धमकी म्हणा. धमकीच आहे.

आमच्याकडे बोट परत आली नाही की बायका बंदरावर उभ्या राहतात. माझ्या वडिलांसाठी आई दोन दिवस उभी होती. तिच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. सुनंदाताईंच्या हातात आहे, माझ्या हातात आहे. मी नुसती उभी राहणार नाही.

रुचिका


मुलुंड,
१० फेब्रुवारी २०२५

रुचिका,

फाइली पाठवल्या. हार्डडिस्क सुनंदाकडे आहे.

वीस तारखेला सकाळी आठला नेतील.

२०१४ साली तू तयार नव्हतीस, हे मी आजही म्हणतो. उगाच गोड बोलून जात नाही. तुला घाई असायची, शांत जागा दिसली की तू ती भरायला धावायचीस. ओव्यांच्या मधल्या श्वासांना हात लावू नकोस. जातं फिरत असतं ते खरखर समजून काढून टाकू नकोस. बाकी तू ठरव.

चंद्रप्रकाश


मुलुंड,
१ मार्च २०२५

चि. रुचिका,

काल घरी आणलं. ऑपरेशन नऊ तास चाललं होतं. गाठ पूर्ण निघाली. चेहऱ्याची डावी बाजू जरा लोंबते, डोळा मिटत नाही, त्यावर पट्टी लावते. महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल म्हणतात. चालताना झोकांड्या जातात, त्याची चिडचिड माझ्यावर निघते. चिडतात म्हणजे बरे आहेत.

डाव्या कानाला काही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कानाजवळ चुटकी वाजवून बघितली. मग बाजूच्या खाटेवरच्या माणसाला वाटावं की केस नीट करताहेत, असा हात डोक्यावरून फिरवला.

तू रोज येऊन खोलीत काम करत होतीस, हे त्यांना सांगितलंय. दार लोटलेलं असलं तरी त्या दिशेने बघतात. आत जात नाहीत. तू किल्ली ठेव तुझ्याकडेच.

सुनंदा


मरोळ,
३० मार्च २०२५

सर,

मिक्स झालं. एकशे सत्तावीस ओव्या. श्वास जागेवर आहेत, जातंही. अकराव्या ओवीत कुणीतरी बाहेरून हाक मारतं आणि आई गाणं न तोडता हुंकार देतात, तोही ठेवला. दोनदा वाटलं भरावं, दोनदा हात मागे घेतला.

मी बसायचे तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत असायचात, कधी आत आला नाहीत. मीही बोलावलं नाही. शुक्रवारी दाराशी तुमची सावली दिसली होती. मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तुम्ही निघून गेला असतात.

एका गोष्टीवर अडले आहे. मी मिक्सच्या दोन प्रती केल्यात. पहिलीत आई डावीकडे आहेत, टेपवर होत्या तशा. दुसरीत मी त्यांना मधे आणलंय. अगदी मधे नाही, पण इतकं, की उजव्या कानालाही त्या पूर्ण मिळतील. तुमच्यासाठी केलंय, लपवत नाही. ऐकणाऱ्या कुणाला खटकणार नाही, उलट मुख्य आवाज मधे आला म्हणून काही जणांना बरंच वाटेल. संस्थेचे बाळ सरवदे म्हणाले, दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा.

मला दुसरी पाठवावीशी वाटते. आयुष्यभर इतरांसाठी आवाज जागेवर लावलेत, एकदा एक आवाज तुमच्यासाठी सरकला तर काय बिघडलं? पण टेप तुमची आहे. पाच तारखेच्या आत कळवा.

रुचिका


मुलुंड,
३ एप्रिल २०२५

रुचिका,

दोन्ही प्रती ऐकल्या. काल दुपारी सुनंदा झोपली होती तेव्हा आत गेलो. होडीच्या लाकडांवर पडलेलं ऊन बघत बसलो थोडा वेळ. चांगली खोली केली आहेस.

दुसरी प्रत आधी लावली. आई पूर्ण आली. शब्दन् शब्द. मी बसल्या जागी हात जोडले, हे सुनंदालाही सांगितलेलं नाही. मग पहिली लावली. मावशी लख्ख, आणि पलीकडे आई, शेजारच्या घरात कुणी गात असावं तशी. कितीही मान वळवली तरी तिथेच.

आमच्या घरी जातं न्हाणीच्या भिंतीला होतं. आई दाराच्या बाजूला बसायची, डावीकडे, कारण चुलीवर लक्ष ठेवायला लागायचं आणि आम्ही पोरं बाहेर गेलो की तिला दिसायचो. मावशी उजवीकडे, भिंतीला पाठ टेकून, तिची कंबर दुखायची म्हणून. त्या दोघी तशाच बसून गायल्या. चाळीस वर्षं. गावातल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर त्या तशाच असतील, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांनाही त्या तशाच दिसाव्यात. माझा एक कान गेला म्हणून आईला तिच्या जागेवरून उठवायचं नाही.

पहिली प्रत पाठव. मला ती नीट येत नाही, लोकांना येईल.

तिसऱ्या ओवीच्या शेवटी तू जातं थोडं लवकर मंद केलंयस, असं मला वाटलं. वाटलं म्हणून लिहिलं. माझ्यावर विसंबून बदलू नकोस, तू पुन्हा ऐक आणि तुला योग्य वाटत असेल तर तसंच राहू दे. सरवद्यांना मी कळवलंय, की मिक्स रुचिका चिखले यांचं आहे आणि शेवटची मंजुरी त्यांच्याकडूनच घ्यावी. मला विचारू नये.

चंद्रप्रकाश